दोन घटकांचा उशीर

शाळेच्या पुस्तकात सूर्यमाला कशी शिकवावी, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी उकरून निघतो आणि दर वेळी चुकीच्या मुद्द्यावर लढला जातो. राज्यात नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत, २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली, त्यामुळे घरोघरी आणि शिक्षकांच्या खोल्यांत हा विषय पुन्हा निघतो आहे. काहींचं म्हणणं, पुस्तकं शिळी आहेत: शनीच्या चंद्रांचा आकडा जुना, अवकाश मोहिमांची यादी अपुरी. काहींना आर्यभटाचं नाव आधी हवं आणि कोपर्निकसचं नंतर. आणखी काही म्हणतात, मुलांवर आधीच ओझं आहे, ग्रहगोलांचे पाठ कापा. तिन्ही बाजूंची माणसं तळमळीने बोलतात. पण तिघंही मोजतात ते एकच: पानावर माहिती किती आणि कुणाची. मला वाटतं, ते पान वाचून झाल्यावर मूल मान वर करून आकाशाकडे बघतं का, आणि तिथे जे दिसतं ते त्याला पानाशी जुळवता येतं का, यावर पुस्तकाचा कस लागला पाहिजे. या कसाला आपली बहुतेक पुस्तकं उतरत नाहीत, आणि सगळे आकडे ताजे केले तरी उतरणार नाहीत.

हे मी घरातल्या एका संध्याकाळीवरून सांगतो आहे. माझी भाची सातवीत. चंद्राच्या कलांवरच्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. उत्तरपत्रिकेत आकृती सुबक, आठ चंद्र, मधे पृथ्वी, एका बाजूने सूर्यकिरणांचे बाण. त्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपास, त्यामुळे चंद्रोदय कधी हा घरातला महत्त्वाचा प्रश्न. भाचीने मोबाइल काढून वेळ सांगितली, नऊ वाजून काही मिनिटं. मी सहज विचारलं, ‘‘आजच इतक्या उशिरा का गं? पौर्णिमेला कधी उगवला होता?’’ तिला सांगता येईना. मग विचारलं, चंद्र आज थोडा कापल्यासारखा का दिसणार? ती ठामपणे म्हणाली, ‘‘मामा, पृथ्वीची सावली पडते ना त्याच्यावर!’’ तिच्याच आकृतीत सावलीचा पत्ता नव्हता. आत गॅसपाशी मोदकांना उकड काढत उभी असलेली आई तिथूनच म्हणाली, ‘‘पुनवेला दिवेलागणीला उगवतो. मग रोज दोन घटका मागं पडतो. चौथ्या दिवशी आठ घटका. कर हिशेब.’’ घटका म्हणजे २४ मिनिटं, दोन घटका म्हणजे ४८. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, असं खगोलशास्त्र सांगतं. सूर्यास्तानंतर आठ घटका म्हणजे सव्वातीन तास, साडेनऊच्या आसपास. आई सातवीपर्यंत शिकलेली. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून हा उशीर होतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाचीला चंद्र फिरतो हे पाठ होतं, पण उशीर ठाऊक नव्हता. एकाच घरात दोन अर्धी ज्ञानं, मधे एक भिंत. ती भिंत पाडणं हे पुस्तकाचं काम होतं.

आता पहिल्या बाजूचा मुद्दा घेऊ, कारण तो खोटा नाही. पुस्तकात चूक असेल तर ती दुरुस्त झालीच पाहिजे. छापील चूक लाखो वह्यांत उतरते. पण कुठल्या गोष्टीला चूक म्हणायचं? मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली आणि एकूण आकडा २७४ झाला. त्याआधी छापलेलं प्रत्येक पुस्तक त्या दिवशी शिळं झालं, आणि २७४ छापणारं पुस्तकही कधीतरी शिळं होणारच. हा आकडा पाठ करून मुलाच्या हाती काय लागतं? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, तेव्हा आपल्या पुस्तकांत ‘नऊ’ खोडून ‘आठ’ झालं. पण का काढलं? ही गोष्ट पूर्वीही एकदा घडली होती. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी या खगोलज्ञाला मंगळ आणि गुरूच्या मधे सेरेस सापडला आणि तो ग्रह म्हणून नोंदला गेला. पुढच्या सहा वर्षांत पॅलस, जुनो, व्हेस्टा सापडले. त्या काळच्या युरोपातल्या पुस्तकांत मुलं अकरा ग्रह पाठ करत. मग त्याच पट्ट्यात असे गोल सापडतच गेले आणि लोकांच्या ध्यानात आलं की हे ग्रह नव्हेत, हा एक थवा आहे. त्यांना लघुग्रह म्हणू लागले. प्लूटोचं नेमकं तेच झालं. १९३० मध्ये तो एकटा दिसला म्हणून ग्रह ठरला. पुढे त्याच्या परिसरात त्याच्यासारखे गोल सापडू लागले आणि २००५ मध्ये जवळजवळ त्याच्याच आकाराचा एरिस सापडला, तेव्हा तोही थव्यातला एक निघाला. ही हकीकत एका परिच्छेदात बसते. ती वाचलेल्या मुलाला वर्गवारी म्हणजे काय, ती का बदलते आणि बदलली म्हणजे आधीचे लोक मूर्ख नव्हते, हे कळतं. ‘नऊ’चं ‘आठ’ केल्याने एवढंच कळतं की मोठ्या माणसांनी काहीतरी ठरवलं.

आकड्यांहून जास्त नुकसान चित्रं करतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी भांडत नाही. सूर्यमालेचं चित्र सगळ्यांना आठवतं: डावीकडे सूर्याचा तुकडा, पुढे ओळीने ग्रह, खांद्याला खांदा लावून. शाळेत प्रकल्प म्हणून थर्माकोलच्या गोळ्यांचं तेच चित्र तारेवर ओवून होतं. खरं माप काय आहे? पृथ्वी दोन मिलिमीटरच्या मोहरीएवढी धरा. मग सूर्य फुटबॉलएवढा होतो, आणि मोहरी त्याच्यापासून साडेतेवीस मीटरवर ठेवावी लागते. चंद्र हा रव्याचा कण, मोहरीपासून सहा सेंटिमीटरवर. गुरू म्हणजे सुपारी, सव्वाशे मीटर लांब, बहुतेक शाळांच्या फाटकाबाहेर. नेपच्यून हरभऱ्याचा दाणा, सातशे मीटरवर, म्हणजे शाळेतून निघून एसटी स्टँडच्या वाटेला लागायचं. आणि सूर्याच्या सगळ्यांत जवळचा दुसरा तारा? मुंबईत हा फुटबॉल ठेवला तर तो जर्मनीत. मोहरी, रवा, सुपारी, हरभरा प्रत्येक घरात आहे आणि चालायला पाय आहेत. सगळं मापात एका पानावर छापता येत नाही ही छपाईची अडचण मला मान्य आहे. पण मग चित्राखाली तसं ठळक लिहा, आणि मुलांना मैदानावर चालवत न्या.

पृथ्वीच्या कक्षेचं चित्र तर त्याहून फसवं. कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे शिकवायचं म्हणून ती अंड्यासारखी लांबट काढतात. वास्तवात ती कक्षा वीस सेंटिमीटर लांबीची काढली, तर तिच्या लांबी-रुंदीतला फरक एक मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहूनही कमी भरेल. पेन्सिलच्या रेघेची जाडी जास्त असते. म्हणजे हाताने काढलेलं साधं वर्तुळ पुस्तकातल्या अंड्यापेक्षा जास्त खरं. त्या अंड्याकडे बघून मूल काय समजतं? सूर्याच्या जवळ आलो की उन्हाळा, लांब गेलो की हिवाळा. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण शेकोट्या पेटवत असतो तेव्हा, आणि सर्वांत लांब जाते जुलैच्या सुरुवातीला. हा गैरसमज आपल्याच शाळांचा आहे असंही नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का होतात, असं विचारलं होतं. २१ जणांची उत्तरं चुकली. शिक्षणाची वर्षं वाढवून हे दुरुस्त होत नाही, कारण मुळातलं पहिलं चित्र हलत नाही.

ऋतूंच्या बाबतीत आपल्या मुलांची आणखी एक पंचाईत आहे. पुस्तक सांगतं, २१ जूनला सूर्य सर्वांत उत्तरेला, उत्तर गोलार्धात तेव्हा उन्हाळा. विदर्भातलं किंवा मराठवाड्यातलं मूल हे वाचतं तेव्हा त्याच्या अंगणात पेरणीची धांदल असते आणि उन्हाळा संपलेला असतो. त्याला उन्हाळा ठाऊक आहे तो एप्रिल-मेमधला. पुस्तक आणि अंगण जुळत नाहीत, आणि अशा वेळी शहाणं मूल अंगण बाजूला ठेवून पुस्तक पाठ करतं, कारण गुण तिथे आहेत. खरं तर इथेच केवढी संधी आहे! मे महिन्यात सूर्य कोल्हापूरच्या थेट डोक्यावर येतो ६ तारखेच्या आसपास, पुण्याच्या १३-१४ला, मुंबईच्या १५ला, नागपूरच्या २६ला. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर सूर्य आपल्याही उत्तरेला जातो आणि मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडू लागते, पुण्यात थेट जुलैअखेरपर्यंत. म्हणजे सूर्य मेमध्येच आपल्या माथ्यावर येऊन गेलेला असतो आणि जूनमध्ये ढग त्याची वाट अडवतात. म्हणून आपला उन्हाळा मेचा. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या घोकलं जातं. पुण्यात सूर्य मध्यावर येतो तो साधारण साडेबारानंतर, कारण आपलं घड्याळ पुण्याच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. आणि डोक्यावर येतो वर्षातून दोनच दिवस: पहिला उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुसरा पावसाळी ढगांत. शाळेला तो सापडत नाही, हे खरं. पण मुलाला सुट्टीत काठी रोवायला कोण अडवतं?

आर्यभटाचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझा आग्रह त्यांच्याहून मोठा आहे. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, या माणसाने लिहिलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते. दृष्टांत दिला नावेचा: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. हा श्लोक प्रत्येक मराठी मुलाला अर्थासह माहीत असावा. पण गोष्ट इथे संपवली तर आर्यभटावरच अन्याय होतो. कारण पुढे वराहमिहिर या ज्योतिर्विदाने विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्याकडे परत कसे येतात? नंतर ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने विचारलं, मग उंच वस्तू कोसळत कशा नाहीत? हे प्रश्न अडाणी नव्हते. त्या काळच्या गतिविषयक समजुतीत त्यांना उत्तरच नव्हतं. परिणाम असा झाला की नंतरच्या काही टीकाकारांनी आर्यभटाच्या मूळ श्लोकात ‘भूः’च्या जागी ‘भं’ वाचलं, म्हणजे फिरते ती पृथ्वी नव्हे, तारामंडळ; आणि गुरूची लाज राखली असं मानलं. बरोबर उत्तर शेकडो वर्षं झाकलं गेलं, कारण आक्षेपाला उत्तर नव्हतं. आज आपण मुलाला ‘पृथ्वी फिरते’ एवढंच सांगून पुढे जातो, तेव्हा त्याच जागी उभे असतो. वराहमिहिराचा पक्ष्यांचा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारून बघा. धावत्या एसटीत वर उडवलेलं नाणं आपल्याच हातात का पडतं, इथपर्यंत मुलं स्वतः येतात. नुसत्या नावाचा अभिमान दोन दिवस टिकतो. वराहमिहिराशी वाद घालून आर्यभटाच्या बाजूने उभं राहिलेलं मूल ते आयुष्यभर विसरणार नाही. आणि परंपरा म्हणाल तर ती ग्रंथांत आहे तितकीच माझ्या आईच्या दोन घटकांत आहे. तिला पुस्तकात जागा का नसावी?

ओझं कमी करा म्हणणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. पण कात्री कुठे चालते ते पाहा. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने, म्हणजे देशपातळीवर शालेय पुस्तकं काढणाऱ्या संस्थेने, विज्ञान-गणिताची पुस्तकं नव्याने केली, तेव्हा त्यांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. त्यातल्या आठवीच्या पुस्तकात तारे आणि सूर्यमालेवर एक पाठ होता. अर्धा काळा, अर्धा पांढरा चेंडू घेऊन एका मुलाने मैदानावरच्या वर्तुळात फिरायचं, दुसऱ्याने मधे उभं राहून दिसेल ती चंद्रकला काढायची, असा उपक्रम त्यात होता. करोनानंतर ओझं कमी करण्याच्या नावाखाली तो अख्खा पाठ वगळला. सहावीच्या भूगोलातला सूर्यमालेचा माहितीपर पाठ मात्र राहिला. मजकुराची पानं मोजून कापणी केली की असंच होणार: माहिती राहते, चेंडू जातो. २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या सातवी-आठवीच्या नव्या पुस्तकांत पृथ्वी, चंद्र, सूर्य परतले आणि चंद्रकलांची दिनदर्शिकेशी सांगडही घातली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. मधल्या वर्षांत आठवी होऊन गेलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न उरतोच.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो. शाळा दिवसा भरते, तारे रात्री दिसतात. वर्गात पन्नास-साठ मुलं. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. शिक्षकाला स्वतःलाच कधी कुणी आकाश दाखवलेलं नाही, वर अशैक्षणिक कामांचा डोंगर. ‘निरीक्षण करा’ असं पुस्तकात छापणं सोपं आहे. आपल्याच बालभारतीच्या सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मितीचा पाठ मुद्दाम दोन भागांत केला होता, वर्षारंभी एक आणि नंतर एक, मधल्या महिन्यांत मुलांनी सावली आणि दिनमानाच्या नोंदी ठेवाव्यात म्हणून. कल्पना उत्तम होती. किती वर्गांत काठी रोवली गेली, हे शिक्षकांनीच स्वतःला विचारावं. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये करून शिकण्याचा विज्ञान कार्यक्रम सोळा शाळांत सुरू झाला, शेकडो शाळांत पसरला, आणि २००२ मध्ये सरकारी आदेशाने बंद झाला. म्हणजे चांगलं पुस्तक पुरेसं नसतं, हे मला कबूल आहे.

तरीही ‘शाळा दिवसा, आकाश रात्री’ हे मला पटत नाही, कारण चंद्र महिन्यातले कितीतरी दिवस शाळेच्या वेळात आकाशात असतो आणि आपण वर बघत नाही. वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळी आठ वाजता तो पश्चिमेकडे स्वच्छ दिसतो. शुद्ध अष्टमीला दुपारी चारला पूर्वेकडे. अशा एका सकाळी वर्ग मैदानात आणा. प्रत्येकाच्या हातात एक लिंबू द्या, ते उन्हात चंद्राच्या दिशेने धरायला सांगा. लिंबाचा जेवढा भाग उजळलेला दिसेल तेवढाच चंद्राचा, आणि त्याच बाजूचा. साठ मुलं, साठ लिंबं, पाच मिनिटं. सूर्य मागे आहे, चंद्र समोर आहे, पृथ्वीची सावली यात कुठेच नाही, हे मुलाला सांगावं लागत नाही. भाचीला मी पुढच्या अष्टमीला गच्चीवर हेच दाखवलं. लिंबू धरून ती बराच वेळ एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे तो नेहमी अर्धा उजळलेलाच असतो?’’ हा प्रश्न तिच्या पूर्ण गुणांच्या उत्तरात नव्हता.

सगळंच काही लिंबाने दिसत नाही, हेही खरं. नेपच्यून कोण दाखवणार? तिथे पुस्तकाने सांगितलंच पाहिजे. पण सांगताना कसं कळलं ते सांगावं. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, म्हणून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने कागदावर अज्ञात ग्रहाची जागा काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनमध्ये गाल या खगोलज्ञाने दुर्बीण तिकडे वळवली तर एका अंशाच्या आत ग्रह सापडला. ‘नेपच्यून हा सूर्यापासून आठवा ग्रह आहे’ या ओळीच्या जागी ही तीन वाक्यं छापायला कागद कितीसा लागतो? पृथ्वी फिरते याचा पुरावा म्हणून १८५१ मध्ये पॅरिसमध्ये फूको या शास्त्रज्ञाने लंबक टांगला. तसाच एक लंबक आज दिल्लीच्या नव्या संसद भवनात झुलतो आहे. पुस्तकात संसदेचं चित्र असतं. तिथे हा लंबक का टांगला, हे विज्ञानाच्या पुस्तकाने सांगायला काय हरकत आहे?

नवी पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं लहान आहे आणि त्याला पैसा लागत नाही. प्रश्नपत्रिकेत ‘चंद्रकलांची आकृती काढा’ऐवजी कधीतरी विचारा: काल सूर्यास्ताला चंद्र माथ्यावर होता, तर आज मध्यरात्री तो कोणत्या बाजूला असेल? परीक्षेत येईल ते वर्गात शिकवलं जातं, हे आपण सगळेच जाणतो. आणि पाठाच्या शेवटी एक कोरं पान सोडा. त्यावर तीस गोल, प्रत्येकाखाली तिथी आणि वेळ लिहायला रेघ. रोज चंद्र दिसेल तसा त्या गोलात रंगवायचा. घरात कुणाला विचारायचं असेल तर आजीला विचारायचं. श्रावणात पंधरा दिवस चंद्र दिसणार नाही. त्या गोलात मुलाने ‘ढग’ असं लिहावं, आणि बाईंनी त्यावरही बरोबरची खूण करावी.